ठिपक्यांमागचं नाव

रांगोळीचे ठिपके मांडले की पुढे काय निघणार ते मला कळतं. कॉम्प्युटरवरच्या ठिपक्यांचं मात्र कळेना.

शहापूरला एक बाई ऑनलाइन फॉर्म भरून देतात, त्यांच्या दुकानात सुनेबरोबर गेले होते. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज तिने तिथेच भरला होता, आता हॉल तिकीट काढायचं होतं. लग्नानंतर पुन्हा शिकायला निघालेली पोर, आणि पासवर्ड आठवेना. सापगावपासून जीपमध्ये कपाळ चोळत आली.

पण साइट उघडली आणि चौकटीत ठिपके आपोआप येऊन बसले.

"हे कोणी लिहिलं गो?"

"कॉम्प्युटरनेच, आई. मागे त्याने विचारलेलं, लक्षात ठेवू का. मी हो म्हटलं."

"मग ठिपके कशाला?"

"कोणाला कळू नये म्हणून."

"आणि बाजूला हा डोळा काढलाय तो?"

ते तिलाही माहीत नव्हतं. म्हणून मी माउस धरला आणि दाबला डोळा.

ठिपके गेले, माझ्या लेकाचं नाव उभं राहिलं. पुढे एक दोन तीन.

आता ही सून घरात त्याला 'अहो'च्या पुढे कधी गेलेली नाय. तिने ओढणी तोंडाला लावली. मागच्या बाकावर दाखल्यासाठी बसलेले आजोबा म्हणाले, "उखाणा राहिला की." दुकानवाल्या बाई हसल्या, मीही हसले.

हसता हसता मनात आलं ते विचारलं. "बाई, आमी गेल्यावर ह्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं तर?"

"तर तेही असंच आत जाईल, मावशी."

"अर्ज बदलेल?"

"बदलेल. रद्दही करेल."

सुनेचं हसू गेलं. हॉल तिकीट छापून हातात आलं तरी ती उठेना. बाईंनी सेटिंगमध्ये शिरून साठवलेले पासवर्ड दाखवले, त्यातला आमचा पुसला. बाकी कितीतरी जणांचे तिथे तसेच होते.

"हे सगळे हो म्हणून गेलेले?"

"घाईत कोण वाचतं, मावशी. आज बसून सगळे पुसते."

"पण पासवर्डातलं नाव तर बाकावरच्यांनीही वाचलं," मी सुनेला म्हटलं. "ते बदल."

"बदलते. तुमी तिकडे बघा."

"मी?"

"आजोबा पण."

आजोबा आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. मागे टकटक बराच वेळ चालली, म्हणजे लांबलचक असणार. कॉम्प्युटरने पुन्हा तेच विचारलं. ह्या वेळी तिने नीट वाचलं आणि 'कधीच नको' दाबलं.

परतीच्या जीपमध्ये मी विचारलंच. "आठवेल ना?"

"आठवेल. माझंच एक वाक्य आहे."

"त्यात माणूस आहे?"

"नाय."

"देव?"

"पुरे की, आई."

"भाताचं वाण?"

ती बाहेर बघायला लागली. घर येईपर्यंत भाज्या, नद्या, डोंगर, सगळं विचारून झालं. प्रत्येकाला ती नाय म्हणाली, आणि त्यातलं खरं नाय कुठलं, ते कळायलाही मार्ग नव्हता.