शेवटच्या आरतीचा फळा

दोन हजार सोळा साल. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा. हे मी बायकोलाही सांगितलं नाही — ती जाईपर्यंत नाही. आज तुम्हाला सांगतो.

जयपुरात, प्रताप नगरला, आमचं छोटं मराठी मंडळ आहे. गणपतीत मांडवाबाहेर फळा लागतो आणि तो मीच लिहितो. रेल्वेतला गँगमन, चौथी शिकलेला — पण अक्षर असं की माणसाने थांबून बघावं. आणि शब्द? जुन्या लग्नपत्रिकांतून उचललेले, जड जड. लोकांना वाटायचं, केवढा वाचलेला माणूस. मीही वाटू दिलं.

आमच्यात एक रीत आहे. शेवटच्या आरतीचा मान, ज्या घरचं माणूस लांब असेल त्या घराला. त्या वर्षी तो शुभांगीला होता — नवरा फौजेत, सीमेवर. पोरगी इथेच वाढलेली, हिंदी शाळेतली.

रोजची आरती संध्याकाळची. पण मूर्ती न्यायला टेम्पो दुपारचाच मिळाला, म्हणून शेवटची सकाळी दहाला ठरली. एवढंच लिहायचं होतं ना? मी लिहिलं — 'समारोपाचे नीरांजन पूर्वाह्णी संपन्न होईल.'

आदल्या दिवशी तिने विचारलं, "काका, पूर्वाह्णी मतलब?"

मलाच नक्की ठाऊक नव्हतं. पण दहा वाजता, हे तर ठाऊक होतं? बाजूला बायका उभ्या होत्या. मी म्हणालो, "मराठी घरची सून ना तू? मग वाच की."

बायका हसल्या. तीही हसली — आणि गेली.

सकाळी ती आली नाही. माणसं म्हणाली, बोलवा तिला. मी म्हणालो, लिहिलंय, येईल. थोडं थांबलो. मग ताट मीच उचललं.

संध्याकाळी ती आली. नऊवारी नेसून, हातात ताट, मोबाइलवर नवरा. मांडवात नुसती फुलं पडलेली. लोकांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, फळ्यावर होतं. ती म्हणाली, "मलाच वाचता आलं नाही." मला विचारलं होतं, हे तिने सांगितलं नाही. मीही नाही.

आता लोक म्हणतात, काकांचं लिहिणं किती सोपं. मी म्हणतो, पोरांसाठी करतो. खोटं आहे ते.

त्या संध्याकाळनंतरच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी जाऊन फळा पुसला. लिहिलं — सतरंज्या झटकून घड्या घालायच्या आहेत. दहा वाजता या. दहाला पहिली तीच आली. सतरंजीचं एक टोक मी तिच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं.