माठातून येणाऱ्या बातम्या

भाऊजींच्या नंबरवरून फोन आला, तेव्हा मी तो जरा वैतागूनच उचलला. सकाळी सकाळी त्यांचा फोन म्हणजे नवी वायर मिळाली किंवा जुनी पिन बसली, एवढंच असायचं. पण आवाज ताईचा होता. "सुधाकर, हे गेले रे..." एवढंच बोलली. मी वर्ध्याहून आर्वीची एसटी पकडली. डोळे पुसता पुसता मनात आलं, आता त्या टीव्हीचं काय करायचं? अशा वेळी असलं काही सुचावं, याचाही मला रागच आला.

माझी मोठी बहीण या प्रभाकररावांना दिली होती. तहसील कचेरीत कारकून, माणूस साधा, पण एकही यंत्र टाकू द्यायचा नाही. टेपरेकॉर्डर बिघडला, तर त्याचा अ‍ॅम्प्लिफायर ठेवून घेतला. त्याला व्हीसीआर जोडला, मग डीव्हीडी, मग सेट टॉप बॉक्स. टीव्ही बदलत गेले, पण टीव्हीचा आवाज टीव्हीतून येऊ द्यायचा नाही, हा नियम काही बदलला नाही. आवाज आधी वायरींच्या गुंत्यातून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाणार आणि तिथून ताईच्या खुर्चीला उजव्या बाजूनं खेटून ठेवलेल्या माठात. हो, माठातच! माठाच्या तोंडावर स्पीकर बसवला की आवाज घुमतो म्हणून आमच्याकडे पोरं हा उद्योग करतात, पण मिशा फुटल्या की सोडून देतात. भाऊजी रिटायर झाले तरी सोडेनात. बटणं ठरल्या क्रमानंच दाबायची. एखादं चुकलं की सगळं मुकं. क्रिकेटची शेवटची ओव्हर आम्ही किती वेळा मुकाट पाहिली असेल! माझ्या पायाचा अंगठा तर त्या माठावर ठेचायचाच. "सरकवा ना हा तिकडं," म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "माठ हलवाचा नाई, साळेसाहेब. बाकी घर तुमचंच हाये."

एका मे महिन्यात आमची ही उन्हातून आली आणि कपडा झाकलेला माठ दिसला म्हणून पाणी घ्यायला गेली. कपडा काढून ओगराळं आत घातलं, ते थेट स्पीकरच्या कागदात. आतून बातम्या चालूच! भाऊजींनी हसत हसत भोकावर पतंगाचा कागद चिकटवला. तेव्हापासून त्या आवाजाला कायमची फरफर लागली. नवा स्पीकर घ्या म्हटलं, तर ऐकतील ते भाऊजी कसले... नातेवाइकांत त्यांना सगळे "माठवाले" म्हणायचे, आणि मी सर्वांत मोठ्यानं.

तेरवीच्या गडबडीत सामान हलवताना कुणाच्या तरी हातून वायरी निघाल्या. पाहुणे पांगले, तेव्हा ताई मुक्या टीव्हीसमोर बसलेली. आता तिच्या सोबतीला तेवढंच तर होतं. म्हटलं, बस्स! सगळं जंजाळ उपटलं, जमिनीवर ढीग केला आणि बॉक्सची एकच वायर सरळ टीव्हीला जोडली. चित्र आलं, आवाज आला, खणखणीत. इतकी वर्षं मी हेच सांगत होतो!

"आला ना आवाज?"

"आला... पन काय बोलून राह्यली ते बाई?"

मी आवाज वाढवला. बाहेर रस्त्यावरून जाणारे खिडकीत डोकावले. ताई नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "डावा कान कईचाच गेला माहा. उजव्यातही थोडंसंच उरलं. त्याहीले माहीत होतं."

"मंग कानाची मशीन काऊन नाई लावली?"

"मले लाज वाटे. कोनाले सांगू नका म्हटलं मीच. तर म्हने, तू काऊन बहिरी म्हनवून घेतं? मलेच येडा म्हनू दे लोकायले."

मला भयंकर संताप आला. आम्ही या माणसाची जन्मभर टर उडवली, आणि हा हसत होता! अहो भाऊजी, निदान मला तरी एका शब्दानं सांगायचं होतं... पण रागावून काय उपयोग? पायाशी वायरींचा ढीग पडला होता आणि त्यातली कुठली पिन कुठं जाते, हे मला ठाऊक नव्हतं. मी वैतागून, सवयीनं, भाऊजींना फोन लावला. तो ताईच्या मांडीवर वाजला.

मी माझा फोन खिशात टाकला आणि पुन्हा जमिनीवर बसलो. ही पिन तिथं, ती इथं, करता करता दुपार गेली. उन्हं कलली तेव्हा माठातून एकदम फरफर सुरू झाली. ताईनं मान उजवीकडे कलती केली, माठावर हात ठेवला आणि मालिकेतल्या सासूला चक्क शिवी घातली. तेरा दिवसांत ती पहिल्यांदाच मोकळी बोलली होती.

शेवटच्या एसटीसाठी उठलो, तर अंगठा पुन्हा त्याच माठावर ठेचला. शिवी अगदी ओठांवर आली... पण द्यायची कुणाला? माठ जागचा जरासा सरकला होता. तो मी पुन्हा खुर्चीला नीट खेटून ठेवला आणि लंगडत निघालो.