मदर युट्रिसची घंटा आणि टोरोंटोचे चार कोपरे

मदर युट्रिसला घंटा दर्शनात मिळाली. पंथाच्या रिवाजाप्रमाणे डोळ्यांवर पट्ट्या बांधून, उपाशी, मातीवर पडून होती तेव्हा. पवित्र आत्मा दर्शनात ज्याच्या हातात जे देईल तेच त्याचं काम, असा त्या चर्चच्या लोकांचा नियम. पण लीडर ऑब्री म्हणाला, बाईच्या हातात घंटा शोभत नाही. मदर म्हणाली, मग तुझं चर्च तुला लखलाभ. चार जणांना घेऊन ती निघाली ती निघालीच. पुढे त्यातली माणसं पोटापाण्याला पांगली, म्हणून सिपारिया गावात तिच्या ओसरीतली रविवारची प्रार्थना फोनवर आली.

त्या रविवारी त्या चौघांतली व्हर्लिन टोरोंटोहून फोनच्या पडद्यावर होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिचं पोट फाडणार होते.

"मदर, घंटा वाजवून माझ्या चारी दिशा बांध. नाहीतर मी त्या टेबलावर झोपायची नाही."

मदरने पितळी लोट्यात जास्वंद घातली, कोपऱ्याकोपऱ्यात पाणी शिंपडलं, घंटा दणकून वाजवली.

"मदर, तू नुसता हात हलवतेस."

"बहिरी झालीस का गं?"

"तुझं गाणं येतंय. घंटा नाही."

शेजारचा ब्रदर कर्टिन फोन धरून बसला होता. "फोनला घंटा म्हणजे गोंगाट वाटतो," तो म्हणाला. "माणसाचा आवाज ठेवतो, बाकीचं गिळतो." त्याने सगळी बटणं दाबून पाहिली. काही उपयोग नाही. "ऑब्रीला कळलं तर नाचेल."

"नाचू दे. गुडघे कुठे धड आहेत त्याचे?"

मदर फोनकडे बघत राहिली. माणूस ओळखतो हा, आणि आत्म्याला बोलावणारी घंटा म्हणजे ह्याला कचरा. कुणी शिकवलं असेल ह्याला?

"व्हर्लिन, घरात वाजण्यासारखं काय आहे?"

"मला घंटा मिळालेली नाही, मदर. मला दर्शनात झाडू मिळाला."

"ठाऊक आहे मला. मीच होते तिथे."

कर्टिन हळूच म्हणाला, "मदर, ज्याला मिळालं त्यानेच वाजवायचं. ह्याच नियमापायी आपण बाहेर पडलो ना?"

मदरने खूप वेळ घंटेचा दांडा चोळला.

"मिळाली मलाच. माझी मी तिला आजच्यापुरती उसनी देतेय. माझी वस्तू, मी देईन. उचल गं काहीतरी."

व्हर्लिनने पातेल्याचं झाकण आणि पळी आणली. फोन टेकवून ठेवला आणि खोलीभर फिरली. इकडे फक्त तिचं कोपर वरखाली होताना दिसत होतं. आवाज औषधालाही नाही. मदर फोनला कान लावून बसली.

"वाजतंय का?"

"वाजतंय, मदर. तीन कोपरे झाले. खालचा माणूस काठीने छत ठोकतोय."

"ठोकू दे. चौथा कोपरा राहिलाय."