दुपारचा सारंग

जिथे बायका गातात तिथे नावं ठेवणारे आपसूक जमतात, आणि नावं ठेवणारे जमले की किस्से होतातच. आमच्या सुमतीबाईंच्या क्लासचे पोतंभर झालेत.

एकोणीसशे साठच्या आगेमागेची गोष्ट. बाई विधवा होऊन मुंबईहून मालवणात माहेरी परतल्या आणि पडवीत आम्हा पाच मुलींना गाणं शिकवू लागल्या. आमच्या देवळात बायकांनी आरतीला टाळ्या वाजवायच्या, उत्सवात गायचं ते पुरुषांनी. बाईंना आम्हाला त्या सभामंडपात बसवायचंच होतं.

*

मिरजेहून तंबोरा आला तो एसटीनं. कंडक्टर म्हणाला, "ह्या काय?"

"भोपळो," बाई म्हणाल्या.

"भाजीचो?"

"नाय, बोलको."

*

सुरुवातीचे कित्येक महिने नुसता 'सा'. आमच्यातल्या कुसुमचे वडील वैतागून आले. "बाई, चेडू नुसता सा करता. पुढचा कधी येतला?"

"तुमी जल्मभर बोलतास," बाई म्हणाल्या, "एक तरी शब्द सुरात इलो?"

*

आम्ही आरोह घ्यायला लागलो, म्हणजे सूर एकेक पायरी वर चढवायला, की कुंपणाबाहेरची टवाळ पोरं कोल्ह्यासारखी ओरडायची. एकदा बाई बाहेर गेल्या, शांतपणे ऐकलं. "आरोह बरो आसा रे. आता उतरान दाखव."

पोरं पळाली. अवरोह कुणालाच येत नव्हता.

*

कुसुमला पाहायला आलेल्या मुलाच्या आईवडिलांनी विचारलं, "लग्नानंतर गाणं सोडशील ना?"

कुसुम म्हणाली, "तुमचो झील विडी सोडतलो?"

लग्न मोडलं. बाईंनी क्लासमध्ये जत्रेतलं गुळाचं खाजं वाटलं. मला तर त्या दिवशी कुसुमचा इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

*

उत्सव आला. बाई देवळाचे मानकरी तात्या यांच्याकडे गेल्या. तात्यांनी नाही म्हटलं नाही, फक्त म्हणाले, "संध्याकाळचो मान पुरुषांचो. तुमी दुपारी बाराक बसा." भर उन्हात कोण येतंय, हा त्यांचा हिशेब.

"चलात," बाई म्हणाल्या. सारंग हा राग गायचा दुपारीच.

आम्ही घाबरत बसलो. पण संध्याकाळी चुलीपाशी अडकणाऱ्या बायका दुपारी मोकळ्या होत्या. मासळी विकून कोळणी आल्या, बाहेर टोपल्यांची रांग लागली. मंडपात पाय ठेवायला जागा उरली नाही. संध्याकाळी गाणाऱ्या पुरुषांसमोर फक्त तात्या आणि समई.

पुढच्या वर्षी तात्या स्वतः पडवीत आले. "बाई, औंदा संध्याकाळी बसा. मान तुमचो."

बाईंनी तंबोऱ्यावरचा हात काढला नाही. "सारंग संध्याकाळी गायत नाय, तात्यानू. तुमीच दुपारी येवा. जागा गावली तर बसा."