डावा फेरा

डोंगर उजव्या हाताला ठेवायचा की डाव्या, यावरून माझं आणि आक्काचं जे जुंपलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही. म्हणजे माझ्या बाजूने मिटलंय. ती मात्र संधी मिळाली की टोमणा मारतेच.

आक्का माझी थोरली बहीण. कळसाडीला तिचं सासर. कापूस, ऊस, आणि गड्यांच्या आधी शेतात पोचणारी ही. मागच्या वर्षी उसाला पाणी भरताना पाटात पाय घसरला आणि गुडघ्याची वाटी फुटली. वाटी जुळली, डॉक्टरांनी भरपूर चाला म्हणून सांगितलं, पण घरच्यांच्या मनातली वाटी काही जुळेना. ती खाटेवरून उठली की मुलगा दंड धरायचा. ओट्यावरून उतरायला लागली की सून हात पुढे करायची. मोरीकडे निघाली तरी जाऊ मागून ओरडायची, "जपीसन वं बाई!" शेतात तर तिला कोणी जाऊच देत नव्हतं. जिच्या मागे चालताना गड्यांना धाप लागायची, ती ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. सगळे प्रेमानेच वागत होते, म्हणून तिला भांडताही येत नव्हतं. मला ते बघवत नसे.

मला डोंगरांचा नाद आहे. दिवाळीनंतर नंदुरबारहून तिला भेटायला गेलो, तेव्हा तोरणमाळला जायचा बेत सहज बोलून गेलो. पठाराच्या कडेवरून दरीत उतरायचं, एका डोंगराला पुरा वळसा घालायचा आणि दुसऱ्या बाजूने परत पठारावर चढायचं. एका दिवसाचं काम, पण अंगावर येणारं.

"मी बी येसू," आक्का म्हणाली.

मी म्हटलं, आपण तळ्याभोवती फिरू, सपाट आहे. नाहीतर थोडं खाली उतरू आणि त्याच वाटेने वर येऊ. तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"जठून परतता येस, तठून तुम्ही मले परत लयी येशात," ती म्हणाली.

गोल वाटेवर अर्धं अंतर गेलं की मागे फिरणंही पुढे जाण्याइतकंच लांब. तिला नेमकी तशीच वाट हवी होती, जिथे कोणी दंड धरून घरी आणू शकणार नाही. मी मोबाइलवरचा नकाशा उघडला.

माझा बेत अगदी सुबक होता. एका अंगाला खडी घळ, दुसऱ्या अंगाला लांब, सावकाश उतरणारी सोंड. ताज्या पायांनी घळ उतरायची, दमल्यावर सोंडेने आरामात चढायचं. शिवाय डोंगर उजव्या हाताला राहतो, देवळात घालतो तसा सरळ फेरा.

आक्काने नकाशाकडे पाहिलंही नाही. म्हणाली, उलटं जाऊ. सोंडेने उतरू आणि घळीने चढू.

"दमल्यावर घळ चढणार तू?"

"चढले दम लागस. दम मन्हाजोडे शे. उतारले गुडघा लागस, तो नही शे."

एवढं सरळ होतं: खडा चढ चालेल, खडा उतार गुडघ्याला नको. पण मी अडलो ते भलतीकडेच. डोंगर डाव्या हाताला येत होता, आणि आमच्याकडे डावा फेरा फक्त सरणाभोवती घालतात. मी स्वतःला मोठा आधुनिक समजतो, मांजर आडवं गेलं तर हसतो, पण त्या क्षणी मोबाइल खाली ठेवला. बहीण एवढ्यावर वाचली, आणि मी तिला उलटा फेरा घालायला नेऊ?

"डावा फेरा मसणमा घालतस, आक्का," मी म्हणालो.

"मंग? मी मरेल शे का?"

एकादशी न चुकवणारी, पिंपळालाही उजवा फेरा घालून जाणारी बाई ही! मी तोंड पाडून बसलो तशी तिला माझी दया आली. "डोंगरले मी सांगी दिसू," म्हणाली, म्हणजे डोंगराची समजूत ती काढणार होती, आणि विषय संपला.

पुढची तयारी तिनेच केली. शहाद्याच्या बाजारातून पोरांचे शाळेचे कॅनव्हासचे बूट आणले, कारण बायकांच्या बुटांना टाच होती आणि दुकानदार तेच घ्या म्हणून उगाच वाद घालत होता. मी चॉकलेटं आणली. तिने कळण्याची भाकरी, ठेचा आणि गूळ फडक्यात बांधला आणि चॉकलेटं सुनेला देऊन टाकली. घरचे दुपारी आडवे झाले की ती जिना चढायची आणि पाठमोरी, पायऱ्यांकडे तोंड करून उतरायची. असं ती कधीपासून करत होती देव जाणे. मी पाहिलं, पण घरात बोललो नाही; घरच्यांना तळ्याभोवती फिरायला जातोय एवढंच सांगितलं होतं.

वाट दाखवायला पाड्यावरचे एक ओळखीचे दादा होते. निघताना आक्काने वाकून मातीला हात लावला, डोंगराकडे बघून काहीतरी पुटपुटली आणि चालू लागली. सोंडेवर जिथे मुरूम सटकत होता तिथे ती काठी टेकवत सरळ पाठमोरी झाली. दादा तिच्या खाली राहून सुटे दगड पायाने बाजूला सारत होते. दरीतल्या नाल्याकाठी आम्ही भाकरी खाल्ली. माझी मात्र मान सारखी डावीकडे, डोंगराकडे वळत होती.

घळीत पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. मी सवयीने हात पुढे केला.

"हात नको देऊ, भाऊ."

ती एकेक दगड धरून चढत गेली. मी मागे होतो. तिचा श्वास मला ऐकू येत होता, मोठा आणि सारख्या लयीत, भाता चालावा तसा. वर पोचल्यावर तिने मागे वळून मला विचारलं, दमलास का रे? मला बोलायलाही दम नव्हता. इतका अभिमान मला कुणाचाच कधी वाटला नाही, माझ्या स्वतःच्या पोरांचाही नाही.

कळसाडीला गाडी दारात थांबली तेव्हा तिघंही बाहेरच उभे होते. मी गाडीचं दार उघडलं. मुलगा, सून, जाऊ, तिघांचे हात एकदम पुढे आले.

आक्काने मुलाच्या हातात पिशवी दिली. सुनेच्या हातात पाण्याची बाटली दिली. जाऊच्या हातात काठी दिली. मग गाडीच्या दाराला धरून ती सावकाश पाठमोरी खाली उतरली आणि उद्या उसाला पाणी कोण भरणार आहे, असं विचारत घरात गेली.