फुमीचा चेहरा

जपानमधल्या ओतारू बंदराच्या जकात कचेरीतून निवृत्त झाल्यावर नागासे शिगेओ कॅमेऱ्याच्या नादी लागला. छत्तीस फोटोंचा एक रोल त्याला तीन-तीन महिने पुरायचा. ढग सरकायची वाट बघत तो कालव्याकाठी तासन्‌तास उभा राही, आणि तेव्हा त्याच्या तोंडावर जो आनंद असे तो फुमीने बत्तीस वर्षांच्या संसारात दुसऱ्या कशासाठीही पाहिला नव्हता.

फोटोत माणूस हवं म्हणून बर्फात उभी राहायची फुमीच.

"अहो, पाय बधिर झालेत."

"बोलू नकोस. तोंडातून वाफ येते."

फेब्रुवारीत एका सकाळी तार आली. हाकोदातेला तिची धाकटी बहीण किनू गेली होती. तार हातात घेऊन फुमी खिडकीशी बसली, रडूही फुटेना. शिगेओने तार वाचली आणि तो लगबगीने आत गेला. तिला वाटलं, प्रवासाची पिशवी काढायला गेला. तो कॅमेरा घेऊन आला.

"अशीच बस. मान हलवू नकोस. काय उजेड पडलाय!"

मनासारखा फोटो मिळेपर्यंत सकाळची गाडी निघून गेली. फुमी पोचली तेव्हा किनूच्या अस्थी तेवढ्या उरल्या होत्या.

तोच फोटो कॅमेरा मंडळाच्या प्रदर्शनात पहिला आला.

"वहिनी, किती शांत चेहरा! फार सुखात ठेवलेलं दिसतंय नागासेसाननी," अध्यक्ष म्हणाले.

फुमीने वाकून आभार मानले.

जूनमध्ये शिगेओ आंघोळीला गेला असताना तिने कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, आतला रोल खिडकीतल्या उन्हात धरला, शंभरपर्यंत आकडे मोजले आणि झाकण लावून टाकलं.

धुतल्यावर रोल काळाठिक्कर निघाला. पुढचाही तसाच. हिवाळ्यातलाही तसाच.

"कॅमेरा ठणठणीत आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. "तुम्हीच झाकण उघडत असाल आणि विसरत असाल. होतं या वयात."

ते वाक्य शिगेओच्या मनात रुतून बसलं. कॅमेरा त्याने मंडळाला देऊन टाकला. मग दिवसभर घरातच, एकच धास्ती घेऊन.

"फुमी, मी मघाशी शेगडी बंद केली ना गं?"

त्याने ती बंद केली होती. तिने पाहिलं होतं.

"नाही," फुमी म्हणाली.

तो गुडघ्यांवर हात टेकून कसाबसा उठला आणि गारठलेल्या स्वयंपाकघराकडे निघाला. फुमीने आपला चहा संपवला.