अळीसाठी घेतलेलं खारं पाणी

माझा दीर उघाडीच्या तोंडात छातीभर पाण्यात अडकला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी खाडी आमच्या भातात शिरत होती. त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ, बांधावर उभी राहून कपाळ बडवत होती. मी तिला म्हटलं, "कपाळ मागनं बडव. आधी फळी धर."

आमची शेतं खाडीला लागून आहेत, भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मध्ये मातीचा बांध आहे. बांधात एका जागी सिमेंटचं तोंड ठेवलेलं आहे, त्याच्या खाचांत लाकडी फळ्या बसवतात. ओहोटीला फळ्या उचलायच्या, म्हणजे पावसाचं जास्तीचं पाणी खाडीत जातं. भरती लागायच्या आत त्या परत बसवायच्या. ह्याला उघाडी म्हणतात. भरतीला उघाडी उघडायची नाही, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असतं. माझा दीर नातवंडांचा आजा आहे.

त्या वर्षी नवरात्रात अळी आली. तिला लष्करी अळी म्हणतात, कारण ती एकटी येत नाही. दिवसा ती भाताच्या बुडाशी, मातीच्या भेगांत लपते. ऊन उतरलं की वर चढते आणि लोंबी देठातून कापते. धड खातही नाही. कापते, खाली टाकते आणि पुढच्या लोंबीवर जाते. पहिली ती दिराच्या भातखाचरात दिसली. त्यानं लक्ष दिलं नाही, कारण त्याचे डंपर आहेत, मुलगे पनवेलला कमावतात, भात तो लोकांनी शेतकरी म्हणावं म्हणून लावतो. मग ती आमच्या दोघांमधला बांध ओलांडून माझ्याकडे आली. माझा नवरा गेलेला. त्या खाचरातलं भात हेच माझं वर्षाचं खाणं. दाणा अजून दुधात होता, कापणीला वेळ होता.

अळीला आमचा जुना उपाय दोर. काथ्याचा लांब दोर रॉकेलमध्ये भिजवायचा, दोघांनी दोन टोकं धरून भातावरून ओढत न्यायचा. अळी झडून खालच्या पाण्यात पडते आणि मरते. रेशनवरचं रॉकेल बंद झालं, म्हणून मी दिराकडे डंपरचं डिझेल मागितलं. ते त्यानं दिलं. दुसरं टोक धरायला माणूस मिळेना. गावातल्या बाया बंगल्यांच्या बागा झाडायला जातात, त्यांना चिखलात कशाला यायचंय? शेवटी जाऊ आली. आम्ही दोघी गेली कित्येक वर्षं बोलत नव्हतो. कारण एक फणस होता, तो तोडलाही गेला.

"दोर ताठ धर गो, खाली लोंबतोय."

"माझा ताठच हाय. तुमचाच हात खाली येतोय, जाऊबाय. वय झालंय तुमचं."

"हाताचं वय झालं. तुझ्या जिभेचं कधी व्हतंय ते बघते."

"जीभ हाय म्हणून तर तुमच्या घरात टिकले."

असं करत आम्ही दोन्ही खाचरांवरून दोर ओढला. अळी झडली, पण खाली पाणी कुठं होतं? पाऊस लवकर गेला होता आणि उरलेलं पाणी दिरानंच कापणीसाठी म्हणून उघाडीतून सोडून दिलं होतं. अळी सुकलेल्या चिखलावर पडली, थोडा वेळ वळवळली, आणि दिवस कलताना परत भातावर चढली. उलट काही लोंब्या दोरानंच मोडल्या. जाऊ म्हणाली, "झालं समाधान?" मी दोर गुंडाळून तिच्या अंगणात टाकला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर मोबाईल घेऊन दारात आला.

"वैनी, ह्यात बघ काय सांगतात. खाचरात पाणी भरा. खालची सगळी मरते, वर चढंल ती बगळे खातात."

"पाणी हाय कुठं?"

त्यानं हनुवटीनं खाडी दाखवली.

"ते खारं हाय."

"वीतभर घ्यायचं, ओहोटीला सोडून द्यायचं. एका भरतीनं काय व्हतंय?"

"तुला काय व्हनार? दाणा दुधात हाय, तो जाईल. जमीन जाईल ती वायलीच."

"अर्धी जमीन माझी हाय."

"मग तुझ्या अर्ध्यात घे. आनि पान्याला सांग, वैनीचा बांध आला की थांब."

मोबाईलमधला माणूस खोटं सांगत नव्हता. तो घाटावरचा होता. त्यांच्याकडे पाणी म्हटलं की गोडच, विहिरीचं नाहीतर कालव्याचं. त्याला काय माहीत, इकडे कोणी त्याचं ऐकून खाडी आत घेईल? दिरानं ऐकलं. मी नाही म्हटलं म्हणून तर नक्कीच ऐकलं.

त्याच दिवशी दुपारी मी मागच्या दारी भांडी घासत होते. खाचरांकडून बगळे उठले आणि परत बसले, उठले आणि परत बसले. मी गेले तर भाताच्या बुडाशी पाणी चमकत होतं. बोट बुडवून जिभेला लावलं. मग माझ्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढी धावले.

पौर्णिमा जवळ आली होती, भरती उधाणाची होती. लवकर आटपावं म्हणून त्यानं सगळ्या फळ्या एकदम उचलल्या होत्या. वीतभर पाणी झालं तेव्हा तो त्या बसवायला उतरला. पाण्याच्या ओढीपुढे फळी माणसाच्या हातात राहत नाही. ती आडवी फिरली आणि त्याला सिमेंटच्या भिंतीशी दाबून बसली. मी पोचले तेव्हा पाणी त्याच्या छातीशी होतं आणि चढत होतं. तो माझ्याकडे बघत होता.

मी आतल्या बाजूनं उतरले. जाऊनं फळीचं टोक वर ओढलं, मी त्याच्या बनियनचा गळा धरून खेचलं. बनियन फाटलं, मग केस धरले. मी त्याचा जीव वाचवला असं तो पुढे लोकांना सांगत फिरला. मला फळी खाचेत बसवायची होती आणि हा मध्ये अडकला होता. हे मी त्याला तोंडावर सांगितलं आहे.

तो बाहेर आल्यावर आम्ही दोघींनी फळीवर उभं राहून ती दाबली. एक बसली, दुसरी अर्धी बसली, बाकीच्या वाहून गेल्या होत्या. भरती पुरी होईपर्यंत पाणी वरून येतच राहिलं. आम्ही बांधावर बसून बघत होतो. दीर म्हणाला, "उतरंल आता." जाऊनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "तुमची साडी फाटलीय मागनं."

खालची अळी मेली नाही. पाणी चढलं तशी ती सगळी मिळून शेंड्याला गेली आणि लोंब्या तिथंच होत्या. ओहोटीला पाणी सोडलं तेव्हा कापलेल्या लोंब्या त्याच्याबरोबर उघाडीतून खाडीत गेल्या. बगळ्यांनी खाल्ली तेवढी अळी गेली, खोटं कशाला सांगू. पण जे भात उभं राहिलं ते पोचट भरलं. मी कापलं ते जनावरांना घातलं.

गावात म्हणतात, त्याला जमीन बंगलेवाल्यांना विकायची होती म्हणून त्यानं मुद्दाम केलं. मी तसं म्हणत नाही. मुद्दाम करायला डोकं लागतं. पुढच्या उन्हाळ्यात खाचरात मिठाचा पांढरा थर आला, रोपं लावली ती पिवळी पडून मेली. मी दुकानातला तांदूळ खाते, त्याला चव नाही. दिराच्या घरी जात नाही. जाऊ कधी बांधावर भेटली तर दोन शब्द बोलते, तेही भांडणाचेच.

त्या दुपारी उघाडीवर दीर, जाऊ आणि मी होतो. तिघंही जगलो.